सोलापूरची अडीच तासांची थंडी आणि सायकलवरचे कपडे

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पहिल्यांदा सायकलवर तुळजापूरला निघालो. अंगात सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर घरी विणलेला स्वेटर आणि सगळ्यांवर मोटरसायकलवर घालायचं जाडजूड जॅकेट होतं. डोक्याला कानटोपी. हिप्परग्याच्या तलावापर्यंत मी अगदी राजासारखा चाललो होतो. तामलवाडी मागं पडली तेव्हा बनियन पाठीला चिकटला. घाट चढताना जॅकेटच्या बाह्यांतून घाम मनगटावर ओघळत होता. वर चहाला थांबलो आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. परतीला उतारावर तर हँडल धरवेना. आणि दहा वाजता, ऊन चांगलं तापल्यावर, तो सगळा ढीग ठेवायचा कुठं? जॅकेट हँडलला बांधलं, स्वेटर कमरेला गुंडाळला. सोबतचा मित्र म्हणाला, "काय बे, चादरी विकायला निघालास काय?"

त्या दिवशी मी एकाच फेरीत घामानं भिजलो, गारठलो आणि उकडलो. कपडे कमी नव्हते, उलट भरपूर होते. चुकीचे होते, आणि काढून ठेवता येण्यासारखे नव्हते.

सोलापूरच्या हिवाळ्याची गंमत अशी की डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असतं, थंडीची लाट आली की १० पर्यंत किंवा थोडं खालीही जातं, आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३० ला टेकतो. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरच्या एका फेरीत तुम्ही हिवाळा आणि उन्हाळा असे दोन ऋतू पार करता. थंड देशांतल्या सायकलवाल्यांचे सल्ले वाचून कपडे घेतले की इथंच फसायला होतं. त्यांना दिवसभर अंगावर राहतील असे कपडे लागतात. आपल्याला लागतात ते अडीच तासांसाठी, आणि नंतर खिशात मावतील असे. पुढचं सगळं याच हिशोबानं वाचा.

आधी तास बघा, मग अंश

पहाटे पाचला गॅलरीत येऊन "फार नाही आज थंडी" असं म्हणत कपडे ठरवणं ही पहिली चूक. रात्रभर जमीन थंड होत जाते आणि सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला निघालात तर पुढचा दीड तास थंडी वाढतच जाणार आहे, आणि तीही तुम्ही शहर सोडून उघड्या रानात असताना. घरांच्या, डांबराच्या, काँक्रीटच्या उबेतली हवा वेगळी आणि ज्वारीच्या रानातली वेगळी.

म्हणून मोबाइलवर तासागणिक तापमान बघा आणि त्यातला सहा ते आठमधला सर्वांत खालचा आकडा धरा. गावाबाहेर जाणार असाल तर त्यातून अजून एक-दोन अंश वजा करा. रस्ता नदीकाठानं किंवा खोलगट भागातून जात असेल तर पुन्हा एखादा अंश. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहून खोलगटात साचते. मोहोळकडं जाताना लांबोटीजवळ सीनेचा पूल येतो, किंवा मंगळवेढा रस्त्याला तिऱ्ह्याजवळ. तिथं अचानक नाक गार पडतं ते याच कारणानं.

आमच्या आईचा थर्मामीटर म्हणजे बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली. तेल थिजलं की थंडी आली. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, तेव्हा सायकलवाल्यानं त्यावर विसंबू नये.

वाराही बघून ठेवा. हिवाळ्यात आपल्याकडं तो बहुतेक पूर्वेकडून नाहीतर ईशान्येकडून येतो. म्हणजे तुळजापूरला जाताना पहाटेच्या गारठ्यात वारा तोंडावर, आणि परत येताना ऊन तापलेलं असताना वारा पाठीवर. पाठीमागून वारा असला की अंगाला हवा लागतच नाही, आणि साडेनऊलाच एप्रिलसारखं वाटतं. जाताना एक कपडा जास्त लागतो आणि येताना एक कमी, हे निघतानाच धरून चला. मोहोळच्या बाजूला गेलात तर नेमकं उलटं होतं: जाताना ढकलणारा वारा, येताना अडवणारा. पण तोवर ऊन असतं, त्यामुळे ते सुसह्य.

अंगातला स्टोव्ह आणि अंगावरचा वारा

सायकल चालवताना स्नायूंत जी ऊर्जा जळते तिच्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होते. पॅडलवर शंभर वॅट लावणारा, म्हणजे आरामात चालवणारा माणूस अंगात तीनशे वॅट किंवा त्याहून जास्त उष्णता तयार करत असतो. जुने पिवळे शंभर वॅटचे तीन बल्ब शर्टाच्या आत लावल्यासारखं समजा. चढावर ते पाच-सहा होतात.

दुसरीकडं, हवा अगदी शांत असली तरी तुम्ही ताशी २५ च्या वेगानं निघालात की तेवढा वारा तुम्ही स्वतःच तयार करता. हवामानशास्त्रात वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा हिशोब करायचं सूत्र आहे. त्यानुसार १० अंशांत ताशी २५ किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या कातडीला साधारण ७ अंशांसारखं वाटतं. फरक तीनच अंशांचा दिसतो, पण तो बोटांना, कानांना आणि छातीला आधी कळतो. पाय मात्र फिरत असतात, त्यांना फारसं काही होत नाही.

थोडक्यात, तुम्हाला एकाच वेळी आतून तापायचं आहे आणि पुढून गारठायचं आहे. म्हणून कपडे दुकानात आरशासमोर उभं राहून ठरवता येत नाहीत. जुन्या सायकलवाल्यांचा एक नियम आहे आणि तो शंभर टक्के खरा: घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत हुडहुडी भरत नसेल तर तुम्ही एक कपडा जास्त घातलाय. शहरातल्या सात रस्ता चौकात छान उबदार वाटत असेल तर पुणे रस्त्यावरचं बाळे गाव येईपर्यंत घाम फुटलेला असणार.

यात स्वतःचा वेग ओळखा. एमआयडीसीत कामाला जाणारा माणूस पाच-सहा किलोमीटर ताशी १५ नं जातो, त्याचा स्टोव्ह नीट पेटायच्या आतच गेट येतं. त्याला स्वेटर चालतो, बिनधास्त घालावा. हा लेख मुख्यतः तासाभराहून जास्त चालवणाऱ्यांसाठी आहे.

कातडीला लागणारा कपडा: सुताच्या गावात सुताला नको म्हणणं

सगळ्यांत जास्त वेळ आणि डोकं इथं घाला. वरचं जॅकेट महागाचं घेऊन आत सुती बनियन घालणारे मी डझनानं बघितलेत. पहिला त्यांतला मीच.

आमच्या घरी दोन पिढ्या टॉवेलचे माग होते. त्यामुळे सुताविरुद्ध बोलताना जीभ जरा अडखळते. पण टॉवेलचं काम काय? पाणी पिणं आणि धरून ठेवणं. उभारलेली लूप असते ती त्यासाठीच. सुती टी-शर्ट हा त्याचाच धाकटा भाऊ. घाम आला की तो पितो, पोट भरल्यासारखा जड होतो, अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. ओल्या कापडातून उष्णता फार वेगानं बाहेर जाते, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपट-पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यात वारा लागला की पाण्याची वाफ व्हायला लागते आणि ती वाफ अंगातलीच उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतो ते याचसाठी. कूलरमधल्या गवताच्या ताट्यांवर पाणी सोडून पंखा लावतो तेही याचसाठी. डिसेंबरात ओला सुती बनियन घालून उतारावर सुटणं म्हणजे छातीवर कूलर लावून निघणं.

आकड्यांत सांगायचं तर नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. लोकर १६ टक्क्यांच्या आसपास धरते, आणि तरीही लोकर बरी. तिच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे ओली झाली तरी आत हवा अडकून राहते. सांगोल्याकडचे धनगर पावसात घोंगडं पांघरून मेंढरांमागं उभे असतात, ते उगीच नव्हे. घोंगडं काही सायकलवर घालता येणार नाही, ते कातडीला टोचतंही. पण बारीक मऊ लोकरीचे, मेरिनोचे, आतून घालायचे कपडे मिळतात. महाग असतात. सोलापूरच्या थंडीला त्यांची गरज नाही, असं माझं मत. ज्यांना दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला जायचंय, जिथं साडेतेरा तास तोच कपडा अंगावर राहतो, त्यांनी विचार करावा, कारण लोकरीला घामाचा वास लवकर लागत नाही.

बाकीच्यांसाठी पातळ पॉलिस्टरचा अंगाला बसणारा कपडा पुरतो. खरेदीला पळायच्या आधी घरातलं कपाट उघडा. गणपती मंडळाचा, क्रिकेट स्पर्धेचा, मॅरेथॉनचा तो चकाकणारा छापील टी-शर्ट असतो ना, जो आपण रंगकामाला ठेवतो? तो बहुधा पूर्ण पॉलिस्टरचा असतो. पण सगळं पॉलिस्टर घाम ओढत नाही, तेव्हा दोन चाचण्या करा.

पहिली पाण्याची. कापड सपाट पसरून आतल्या बाजूला एक थेंब टाका. थेंब काही क्षणांत पसरून मोठा डाग झाला तर कापड घाम ओढून बाहेर पसरवेल आणि तो लवकर वाळेल. थेंब मण्यासारखा तसाच बसला तर घामही आतच बसणार. असला टी-शर्ट रंगकामालाच ठेवा.

दुसरी चाचणी मागवाल्यांची. लेबल फाटलंय आणि सूत की पॉलिस्टर ते कळत नाही, तर आतल्या शिवणीजवळच्या कापडाच्या कडेतून (शिलाईचा नव्हे) एक धागा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि आग बाजूला केली की विझते. सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण असेल तर थोडी राख आणि थोडा मणी. धागा एकच घ्या, टी-शर्ट नको!

हा कपडा घट्ट हवा. ढगळ कपड्याला घाम लागतच नाही, तो कातडीवरून ओघळत कमरेला जाऊन साठतो. लांब बाह्यांचा घ्यायचा की बिनबाह्यांचा? मी बिनबाह्यांचा घेतो. हातांची सोय वेगळी करता येते, ती पुढं सांगतो.

खाली पॅड असलेली सायकलची चड्डी असेल तर तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. थंडी आहे म्हणून दोन घालणारे भेटतात. शिवण घासून जे होतं ते तिसाव्या किलोमीटरला कळतं.

मधला थर

बहुतेक दिवस नकोच. आपल्याकडं पातळ आतला कपडा, त्यावर नेहमीची सायकल जर्सी आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी, एवढ्यावर १० अंशांपर्यंत निभतं. त्याहून खाली गेलं तर पातळ फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार उबदार कापडाची, लांब बाह्यांची जर्सी घ्या. टॉवेलसारखाच फ्लीसही जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम त्यावर, ठरतो. १०० चा पातळ, २०० चा मध्यम, ३०० चा जाड. आपल्याला १०० पुरे. ३०० चा घेतलात तर तो हुरड्याला जाताना कारमध्ये घाला.

मधल्या थराऐवजी मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे हाताच्या सुट्या बाह्या. दंडापासून मनगटापर्यंतची नळी. ऊन आलं की सायकल न थांबवता मनगटाकडं खाली ढकलायच्या, आणखी उकडलं की काढून मागच्या खिशात. दोन्ही मिळून मुठीत मावतात. विकत घ्यायच्या नसतील तर फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्या, पुढचा पंजाचा भाग कापून टाका, झाल्या बाह्या. कापलेली कड उसवू नये म्हणून शिंप्याकडून एक टीप मारून घ्या. दोन हिवाळे मी याच वापरल्या, आणि नंतर विकतच्या घेऊन काही फार मोठा फरक पडला असं म्हणवत नाही.

वारा अडवणारा कपडा

यात सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. लोक गरम जॅकेट शोधतात. गरम नको आहे. गरम करायला आत तीनशे वॅट आहेत. फक्त वारा अडवायचा आहे, तोही पुढून. पाठीला, काखेला हवा खेळलीच पाहिजे, नाहीतर आत घामाचं तळं होतं.

दुकानात विंडचीटर हातात घेतलात की कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. पलीकडं हाताला हवा लागली तर वारा अडणार नाही. अजिबात लागली नाही आणि कापड प्लास्टिकसारखं कुरकुरलं तर पाठीला जाळी आहे का ते बघा. पाठही तशीच बंद असेल तर ते रेनकोटाच्या जातीचं आहे, ठेवून द्या. पुढून बंद आणि पाठीला जाळी, ही जोडी मिळाली की झालं. चेन पूर्ण लांबीची हवी, म्हणजे चढावर एका हातानं उघडता येते. मागून लांब हवं, कारण वाकल्यावर कंबर उघडी पडते. आणि घडी केल्यावर ते जर्सीच्या मागच्या खिशात बसतं का, हे दुकानातच करून बघा. बसत नसेल तर कितीही चांगलं असलं तरी आपल्या कामाचं नाही. हा एक निकष लावलात तर निम्मी दुकानं आपोआप गळतात.

बिनबाह्यांचं मिळालं तर आणखी उत्तम. बिनबाह्यांचं जॅकेट आणि सुट्या बाह्या, या दोन वस्तूंवर मी १२ ते १८ अंशांमधली जवळजवळ प्रत्येक सकाळ काढलीय.

पैसेच खर्चायचे नसतील तर कालचा पेपर घ्या. दोन पानं घडी करून जर्सीच्या आत छातीवर. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाटमाथ्यावर पोचलेले स्पर्धक प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसायचे आणि उतारावर सुटायचे. कागद वारा अडवतो, थोडा घामही पितो, आणि ऊन आलं की कचऱ्याच्या डब्यात टाकता येतो. तुळजापूरच्या घाटातून परत उतरताना मी हे अनेकदा केलंय. पेपर मराठीच हवा असं नाही, पण पाव खाताना वाचायलाही होतो.

बोटं, कान, गुडघे

पायांपेक्षा हातांची काळजी जास्त. ब्रेक बोटांनी लागतो आणि गारठलेली बोटं नीट ब्रेक दाबत नाहीत. ही आरामाची नाही, जिवाची गोष्ट आहे. अर्ध्या बोटांचे हातमोजे १४ अंशांपर्यंत चालतात. त्याखाली पूर्ण बोटांचे, पण पातळ. जाड लोकरी मोज्यांतून गियरचं बटण आणि ब्रेकची धार कळत नाही, शिवाय विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो. मोटरसायकलचे चामडी मोजे नकोत, तळवा घामानं भिजतो.

कानांना पातळ पट्टी किंवा गळ्यात घालायची ती नळीसारखी ताणणारी पट्टी पुरते. ती कानांवर, गळ्याला, गरज पडली तर नाकापर्यंत ओढता येते, आणि नंतर मनगटाला गुंडाळून घाम पुसायला होते. गड्ड्याच्या जत्रेत मिळते ती जाड माकडटोपी हेल्मेटच्या आत घालू नका. हेल्मेट वर उचललं जातं, पट्टे नीट बसत नाहीत, आणि पडलात तर ते जिथं हवं तिथं राहत नाही. मफलरही नको. एक टोक सुटून चाकात गेलं की काय होतं ते सांगायची गरज नाही. ज्येष्ठ मंडळींना मफलर सोडवत नाही. त्यांना निदान दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचून चेन गळ्यापर्यंत लावायला सांगा.

डोळ्यांना पारदर्शक चष्मा. गार वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं आणि अंधारात समोरचा खड्डा दोन दिसतो. रात्रीच्या प्रवासात काळा चष्मा घालणाऱ्यांना काय म्हणावं!

पायांना एकच मोजा, पण सुती नको. बुटात घट्ट बसतील असे दोन-दोन मोजे घातले की रक्त फिरायला जागा राहत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बुटाला पुढून जाळी असेल तर आतल्या बाजूनं बोटांवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक ठेवा, फक्त बोटांपुरतं.

गुडघ्यांबाबत माझं मत थोडं जुनं आहे. १४ अंशांखाली मी गुडघे झाकतोच. सायकलवाल्यांत ही पद्धत फार जुनी आहे, आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उघडा गुडघा कुरकुरतो हा माझा स्वतःचा अनुभव. सुट्या बाह्यांसारख्याच पायांच्या नळ्या मिळतात, त्या ऊन आल्यावर काढता येतात. पूर्ण लांबीची आतून फ्लीस असलेली पँट मी एकदाच घेतली. ती अक्कलकोटहून परत येताना वळसंगजवळ काढावीशी वाटली, आणि काढता येत नव्हती.

मग नेमकं काय घालू?

१८ अंशांच्या वर काही करू नका. नेहमीची अर्ध्या बाह्यांची जर्सी आणि चड्डी. फार तर खिशात सुट्या बाह्या.

१४ ते १८: आत पातळ बिनबाह्यांचा कपडा, जर्सी, सुट्या बाह्या, कानाला पट्टी. घाट किंवा लांब उतार असेल तर बिनबाह्यांचं जॅकेट खिशात. सोलापूरच्या हिवाळ्यातले बरेच दिवस इथंच संपतात.

१० ते १४: वरचं सगळं, जॅकेट सुरुवातीपासून अंगावर, पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे, गुडघे झाकलेले.

१० च्या खाली: पातळ फ्लीस, किंवा छातीवर पेपर. किंवा मग सरळ साडेसातला निघा. थंडीत पहाटे पाचला निघायचं बक्षीस कुणी देत नाही, आणि सूर्य उगवल्यावर तासाभरात पारा चांगला वर सरकतो. हा उपाय फुकट आहे तरी कुणाला आवडत नाही.

यात प्रत्येकाचं थोडं इकडं-तिकडं होणार. सडपातळ माणसाला एक पायरी जास्त लागते, जोरात चालवणाऱ्याला एक कमी. गटात मागं लपून चालवलंत तर वारा कमी लागतो आणि कष्टही कमी. पुढं आलात की दोन्ही वाढतं.

काढायचा क्रम

घालण्यापेक्षा काढण्यात लोक जास्त चुकतात, कारण ते घाम फुटल्यावर काढतात. तेव्हा उशीर झालेला असतो. चढ सुरू व्हायच्या आधी जॅकेटची चेन उघडा, चढ संपण्याच्या जरा अलीकडं लावा. तुळजापूरच्या घाटाखाली थांबून जॅकेट काढा, खिशात टाका, वर पोचताच अंग गरम असताना घाला. घाम न येता वर पोचलात तर उतारावर गारठायचं कारणच उरत नाही.

ऊन यायला लागल्यावर माझा क्रम असा: आधी कानाची पट्टी, मग जॅकेटची चेन, मग जॅकेट, मग बाह्या, सर्वांत शेवटी गुडघ्याच्या नळ्या. हातमोजे राहू देतो, पडलो तर तळवा वाचतो. मागच्या तीन खिशांपैकी मधला जॅकेटसाठी मोकळा ठेवा. डावीकडं बाह्या आणि पट्टी, उजवीकडं मोबाइल आणि खाऊ. ओली बाही मोबाइलच्या खिशात टाकलीत तर काय होतं तेही मी करून बघितलंय.

चहाला थांबलात की हा सगळा क्रम उलटा. सायकल स्टँडला लावायच्या आधी जॅकेटची चेन वर. अंगातला स्टोव्ह एका मिनिटात मंदावतो, घाम मात्र तसाच असतो. टपरीच्या उन्हाच्या बाजूला बसा. हुरड्याच्या दिवसांत रानात तास-दीड तास बसणं होणार असेल, तर एक कोरडा टी-शर्ट पिशवीत न्या आणि पोचताच आधी तो बदला. आगटीजवळ बसल्यावर पुढून भाजतं आणि पाठ ओलीच राहते, तिथं सर्दी झाल्यासारखं वाटायला लागतं. बदललेला हा टी-शर्ट सुती असला तरी चालेल. बसून हुरडा खाताना कुणाला घाम येत नाही.

अंधार, ऊस आणि रंग

हिवाळा म्हणजे गाळपाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याचशा मागच्या दिव्याशिवाय, आणि वर गाणी इतक्या जोरात की तुमची घंटी ऐकू जाणार नाही. तुम्ही दिसलं पाहिजे. काळं विंडचीटर दिसायला झकास, पण ते घेऊ नका. पिवळं, नारंगी काहीही. त्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या नसतील तर पट्ट्या मिळतात, शिंप्याकडून पाठीवर आणि दंडावर शिवून घ्या. प्रकाश परावर्तित करणारं स्वस्त जाळीचं जॅकेट सगळ्यांवर चढवलंत तर सर्वांत बरं, ते वाराही थोडा अडवतं. मात्र ऊन आल्यावर विंडचीटर काढताना आधी ते काढावं लागतं, ही कटकट आहे. घोट्यांवर पट्टी असली तर आणखी चांगलं, कारण पाय वर-खाली हलताना दिसले की मागच्या ड्रायव्हरला ही सायकल आहे हे लगेच कळतं.

धुणं

घाम ओढणाऱ्या कपड्यांना कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य लावू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि कापड पाणी ओढेनासं होतं. मग थेंबाची चाचणी नापास. साधी पावडर, गार पाणी, उलटं करून सावलीत वाळत घाला. आपल्या कोरड्या हवेत दोन तासांत वाळतात. पॅडची चड्डी प्रत्येक फेरीनंतर धुवायची, उद्यावर टाकायची नाही.

आणि पहिल्या महिन्यात एक छोटी वही ठेवा. तापमान, रस्ता, काय घातलं, कुठं घाम आला, कुठं गारठलं, एवढंच. पंधरा-वीस नोंदींत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो वरच्या माझ्या तक्त्यापेक्षा खरा असतो. माझ्या वहीतली मागच्या जानेवारीतली एक नोंद अशी आहे: "१३ अंश. हिप्परगा आणि परत. बाह्या बरोबर. जॅकेट उगीच. डावा अंगठा गार, बुटाला भोक आहे."